तारीख कोर्टाची, हजेरी पडद्यावरून



आवणीचे दिवस आहेत असे समजा. चिखलणी झाली आहे, रोपांच्या मुठी बांधून ठेवल्या आहेत, माणसे सांगितलेली आहेत, आणि नेमकी त्याच दिवशी कोर्टाची तारीख निघते. तारखेला जावे तर आवणी खोळंबते. आवणीला थांबावे तर वकील म्हणतो, साहेब विचारतात पक्षकार कुठे आहे. एखादी तारीख चुकली तर निभावून जाते. पण दिवाणी दाव्यात वारंवार गैरहजर राहिले तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो, आणि मग बापजाद्यांचे खाचर हातचे जायची वेळ येते.

आचोळ्याच्या माणसाला कोर्ट म्हणजे काय हे सांगायला नको. जिथे खाचरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला, तसे वारसा, वहिवाट, बांध आणि फेरफार यांचे तंटेही वाढले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीस आपल्या आचोळ्यातच हायकोर्टाच्या हुकमाने ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले. वसईचे कोर्ट तसे जवळ आहे. पण साक्षीदार म्हातारी आई असेल, भाऊ नोकरीसाठी आखातात असेल, किंवा वकिलाने मुंबईला हायकोर्टात बोलावले असेल, तर नालासोपाऱ्याहून लोकलच्या गर्दीत चर्चगेट गाठणे हे आवणीपेक्षा अवघड काम आहे.

अशा वेळी उपयोगी पडणारी सोय म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. सरकारी कागदात तिला दूरदृश्य प्रणाली म्हणतात. टीव्हीवर बातम्या देणारा आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसत नाही. इथे तसे नाही. न्यायाधीश तुम्हाला पाहतात, तुम्ही त्यांना पाहता, आणि बोलणे दोन्हीकडून होते.

ही सोय कोरोनात आली असे पुष्कळांना वाटते. करोनाच्या काळात, ६ एप्रिल २०२० रोजी, सुप्रीम कोर्टाने देशभरच्या कोर्टांसाठी तसा हुकूम काढला हे खरे. पण मूळ निकाल त्याआधी सतरा वर्षांचा आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे. मुंबईचे डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्यावरील खटल्यात अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. ते साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात यायला तयार नव्हते. खालच्या कोर्टाने पडद्यावरून साक्ष घ्यायला परवानगी दिली, हायकोर्टाने ती रद्द केली. कायदा म्हणतो साक्ष आरोपीच्या समक्ष झाली पाहिजे. साक्षीदार न्यूयॉर्कला आणि आरोपी मुंबईत, मग समक्ष कसे? १ एप्रिल २००३ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की एकमेकांना पाहता व ऐकता येत असेल तर ते समक्षच समजावे. सगळा पाया त्या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फौजदारी खटल्यांसाठी ही गोष्ट स्पष्टच लिहिली गेली, आणि मुंबई हायकोर्टानेही २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र नियम केले.

पण मंडळी, एक गैरसमज काढून टाका. आपण घरून मोबाईल लावला म्हणजे हजेरी लागली, असे होत नाही. कोर्टाची परवानगी लागते, आणि ती देणे न देणे न्यायाधीशांच्या हाती असते. म्हणून वकिलामार्फत आधी अर्ज द्या. आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. पेरणीचे नियोजन झाले की तारखांचेही करावे. अर्जात कारण खरे लिहा. आजारपण, वय, लांबचा मुक्काम ही कारणे कोर्टाला समजतात. केवळ शेतीच्या कामासाठी परवानगी मिळेलच असे सांगता येत नाही, पण मागायला हरकत नाही.

तुम्ही जिथून बोलणार ती जागाही ठरवावी लागते. साक्ष द्यायची असेल तर ती बहुधा दुसऱ्या कोर्टाची इमारत किंवा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय, अशी नेमलेली जागा असते. तिथे एक जबाबदार माणूस असतो. तो तुमचे ओळखपत्र पाहतो आणि बाजूला बसून कोणी उत्तरे पढवत नाही ना, याकडे लक्ष देतो. मूळ ओळखपत्र सोबत न्या. शपथ घ्यावी लागते, आणि पडद्यावरून घेतलेली शपथ कोर्टात घेतलेल्या शपथेइतकीच पक्की असते. सुनावणीचे चित्रण मोबाईलवर करू नका, त्याला मनाई आहे.

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. बियाण्याच्या एका तक्रारीत मी पाहणी केली होती, म्हणून मला पडद्यावरून हजर राहायचे होते. मला वाटले, जातायेता उरकून घेऊ. गाडी एका शेताच्या कडेला उभी केली आणि मोबाईल लावला. शेजारी पाण्याचे इंजिन चालू, वारा सुटलेला. मी बोलतोय आणि तिकडे कोणाला काही ऐकू येत नाही. इंजिन बंद करायला पळालो, तोवर नाव पुकारून झाले होते. पुढची तारीख पडली. माझे काही गेले नाही, पण तो बिचारा शेतकरी महिनाभर आणखी लटकला. तेव्हापासून मी अर्धा तास आधी बंद खोलीत बसतो, मोबाईल पूर्ण चार्ज करून, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन जवळ ठेवून. वकिलाचा नंबर कागदावर लिहिलेला बरा, कारण ज्या फोनवर सुनावणी चालू आहे त्यातच तो शोधत बसता येत नाही.

सगळ्याच तारखा पडद्यावरून कराव्यात असे मात्र मी म्हणणार नाही. नुसती हजेरी किंवा वकिलांचे म्हणणे असेल तर जरूर करा. पण खरेदीखतावरचा अंगठा तुमचा की नाही, बांध कुठे होता, अशा गोष्टींवर तुमची उलटतपासणी व्हायची असेल आणि प्रवास झेपत असेल, तर आवणी एक दिवस मागे सारा आणि स्वतः जा. जुना कागद हातात घेऊन बोलणे आणि पडद्यावर पाहून बोलणे यात फरक पडतो.

आता आमच्या खात्याचा विषय. बियाणे उगवले नाही, तर शेतकरी हाही ग्राहक आहे असे सुप्रीम कोर्टाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची आहे. पण पडद्यावर दाखवायला हाती काही पाहिजे! पावती, पिशवी, पिशवीवरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवा, आणि पीक उभे असतानाच तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पाहणी करून घ्या. कापणीनंतर आलात तर आम्ही तरी काय पाहणार?

शेवटी एक सावधगिरी, आणि ही वाचून घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगा. पडद्यावर कोर्ट दिसू लागले तसे भामट्यांनीही पडद्यावर कोर्ट थाटले. २०२४ साली लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला बनावट सुप्रीम कोर्ट दाखवून ७ कोटी रुपये उकळले. शिकलेला, पैसेवाला माणूस फसतो, तर जमिनीच्या मोबदल्याचे पैसे नुकतेच बँकेत आलेल्या आपल्या माणसाची काय कथा. तेव्हा ध्यानात ठेवा, व्हिडिओवर कोणाला अटक होत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. खरे कोर्ट पडद्यावरून पैसे भरायला सांगत नाही, आणि घरच्यांना कळवू नका असेही म्हणत नाही. असा फोन आला तर बंद करा. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

वकील करण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्या जिल्ह्यातील वारली आणि मल्हार कोळी बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे. जाताना खटल्याचा क्रमांक, मागच्या तारखेचा कागद आणि सातबारा बरोबर असू द्या.