प्रियजनाच्या श्रद्धेसाठी प्रार्थना : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने काही विचार

ख्रिस्ती उपासनेत दुसऱ्यासाठी केलेल्या याचनेला, म्हणजे मध्यस्थीच्या प्रार्थनेला, महत्त्वाचे स्थान आहे. आजाऱ्याला आरोग्य किंवा दुःखिताला सांत्वन मागणे सहज समजण्याजोगे आहे. परंतु जिवलग व्यक्तीला श्रद्धा लाभावी म्हणून केलेली याचना एक पेच निर्माण करते. श्रद्धा ज्याची त्यानेच स्वीकारावयाची असते. मग तिच्यासाठी दुसऱ्याने देवाजवळ मागावयाचे ते नेमके काय? त्यातही ते नाते पतिपत्नीचे आणि दुरावलेले असेल, तर जोडीदाराच्या आत्म्याचे कल्याण आणि स्वतःच्या मोडलेल्या संसाराची ओढ यांची त्या एकाच याचनेत सरमिसळ होते.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत हा प्रश्न केवळ मिशनच्या आवारापुरता नव्हता. 1867 मध्ये स्थापन झालेल्या आणि गिरगावात मंदिर उभारणाऱ्या प्रार्थना समाजाने आपल्या नावातच हा शब्द घेतला. प्रार्थनेचे फळ आध्यात्मिक असते, भौतिक नव्हे, अशी समाजाची धारणा होती. या कसोटीवर दूर गेलेल्या पत्नीचे परत येणे कोणत्या प्रकारात बसवावयाचे? तिला श्रद्धा लाभणे हे आध्यात्मिक फळ खरे. पण तिने पुन्हा एका घरात राहावे, ही इच्छा त्यापासून वेगळी काढता येत नाही.

कायद्याने मात्र या पेचाला मुदतीचे उत्तर दिले होते. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तिच्या जोडीदाराने धर्मांतरामुळे सलग सहा महिने टाकले असेल, तर 1866 च्या एकविसाव्या कायद्यान्वये न्यायालयात दाद मागता येत असे. जोडीदाराने नकार दिल्यास न्यायालय एक वर्ष थांबे, आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह रद्द होऊ शकत असे. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाचा मोठा आधार या विचारामागे होता. तेथे अविश्वासी जोडीदार निघून जात असेल तर त्याला जाऊ द्यावे, अशी मोकळीक आहे. लगेच पुढे, आपल्यामुळे जोडीदार तारला जाईल की नाही हे कोणाला ठाऊक, असा प्रश्नही आहे. कायद्याने मोकळीक उचलली. प्रश्नाला मुदत लावणे त्याला भाग होते. प्रार्थनेला तशी मुदत नसते.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांच्या आश्रयाला होत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधल्या पाच वर्षांत टिळकांनी कायद्याची वाट धरली नाही. या काळाचे जे चित्र लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त रेखाटले आहे, त्याचे वेगळेपण निवेदनाच्या स्थानात आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त धर्मांतर करणारा स्वतः बोलतो, घरच्यांची व्यथा त्याच्या दृष्टीतून येते. ‘स्मृतिचित्रे’त बोलते ती मागे राहिलेली, म्हणजे जिच्यासाठी प्रार्थना व्हावयाची ती. साहजिकच पतीच्या प्रार्थनेला येथे आतून प्रवेश नाही. वाचकाला दिसते ते तिचे बाहेरचे रूप : पत्रे, कविता, मुलाविषयीची तळमळ, भेटीची खटपट आणि वाट पाहणे.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. या दांपत्यातील तेढ धर्मांतराने सुरू झालेली नाही. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणे, हाती आलेला पैसा उधळून टाकणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी आधीच्या प्रकरणांत मिस्किलपणे, परंतु काहीही न झाकता सांगितले आहे. धर्मांतर हे त्या दृष्टीने टिळकांचे आणखी एक निघून जाणे होते, फक्त या वेळी परतीची वाट समाजाने बंद केलेली. म्हणून ‘पत्नीचे मन वळले’ एवढ्यावर या कथेचा अर्थ संपवणारे विवेचन अपुरे वाटते. नुसती श्रद्धा लाभून भागणार नव्हते. जो माणूस वारंवार निघून जात असे, त्याच्यावर पुन्हा विसंबता येणेही आवश्यक होते.

त्यामुळेच नगरच्या वास्तव्याचा भाग महत्त्वाचा ठरतो. लक्ष्मीबाई पतीजवळ आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा राखला. सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेल्या वडिलांच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. टिळकांनी हा वेगळेपणा सोसला, आणि प्रार्थनेचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी देवाजवळ मागणाऱ्याने त्या व्यक्तीवर स्वतः बळजबरी केली, तर आपल्या मागण्यावर त्याचाच विश्वास नाही असे होईल.

लक्ष्मीबाईंचा बदलही सिद्धांतापासून सुरू होत नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा विचार त्यांच्या मनात प्रथम येतो आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय होतो. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतरची. पतीने मागितले असेल ते बहुधा याच्या उलट क्रमाने.

पाश्चात्त्य परंपरेत याला समांतर ठरणारे उदाहरण मोनिकेचे. तिने पुत्र ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले. 387 मध्ये मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. तिचा तापट पती पॅट्रिशियस हाही आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती झाला. तेथेही कथा सांगणारा, ज्याच्यासाठी प्रार्थना झाली तोच आहे. परंतु ऑगस्टीन आपले निवेदन देवाला उद्देशून करतो आणि मागे वळून पाहताना प्रत्येक वळणावर त्याला ईश्वरी योजना दिसते. लक्ष्मीबाई माणसांशी बोलतात. पंढरपूरच्या दिवसांतील संताप, लोकांचे टोमणे, स्वतःची फजिती, यांतले काहीही त्या पुढच्या श्रद्धेच्या उजेडात धुऊन काढत नाहीत. ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिलेल्या पुस्तकात ख्रिस्ती न होण्याची त्यांची त्या वेळची कारणे पूर्ण जोराने उभी राहतात. मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनांत हा प्रामाणिकपणा विरळा आहे.

टिळकांचे निधन 9 मे 1919 रोजी मुंबईत झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ तेव्हा अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.