बंडगार्डनचा आकडा आणि पंढरपूरचा पूर

जुलै निम्मा सरतो, सोलापूरच्या शिवारात धड चिखल झालेला नसतो, तरी माढा-मोहोळच्या पारावर गप्पा रंगतात त्या पुण्याच्या पाण्याच्या. ‘बंडगार्डनला किती? दौंडला किती?’ जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. पण भीमा उगम पावते भीमाशंकरला, आणि तिकडं सह्याद्रीवर काही हजार मिलिमीटर कोसळतो. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी हे सगळं पाणी भीमेत येऊन दौंडवरून उजनी धरणात उतरतं. म्हणून सोलापूरकराला पूर दिसायच्या आधी त्याचा आकडा कळतो.

हा आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर. हा विसर्ग दिवसभर टिकला तर साडेआठ टीएमसीहून (म्हणजे अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी होतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत धरलेला, तरी कोरड्या उन्हाळ्यात त्यालाही हात लागतो आणि धरण ‘मायनस’मध्ये जातं. वापरायचा साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास. लाख क्युसेकची आवक आठवडाभर टिकली तर शून्यावरचं धरण काठोकाठ भरतं!

पण धावत्या नदीचं माप घेतात कसं? नदीच्या रुंदीचे उभे पट्टे कल्पायचे. प्रत्येक पट्ट्याची खोली मोजायची आणि पुलावरून किंवा नावेतून करंट मीटर पाण्यात सोडायचा. त्याची चक्री किती वेळा फिरली यावरून वेग कळतो. गंमत अशी की पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवरचा वेग हा त्या उभ्या पट्ट्याच्या सरासरी वेगाच्या अगदी जवळ असतो. क्षेत्रफळ गुणिले वेग, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. वेगवेगळ्या पातळ्यांना असं मोजलं की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो. पुढं नुसती पातळी पाहूनही विसर्ग सांगता येतो.

म्हणूनच यंत्रं कामाला येतात. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागानं स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत. पाऊस आणि पातळीची नोंद माणूस न जाता नियंत्रण कक्षात पोहोचते. मात्र पुरानं पात्र खरवडलं, वाळू उपसली गेली, की जुना आलेख खोटा पडतो. सेन्सर पातळी अचूकच सांगतो, चुकतो तो त्यावरून काढलेला विसर्ग. तेव्हा कुणीतरी प्रशिक्षित माणूस पुन्हा मीटर घेऊन पाण्यावर जावा लागतो.

सर्वात अवघड निर्णय असतो दरवाजांचा. दुष्काळी जिल्ह्याला धरण भरलेलं हवं, पुराला जागा हवी म्हणून थोडं रिकामंही हवं. त्यात उजनीच्या खाली, नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. नीरेवरच्या वीर धरणातून सुटलेलं पाणी उजनीच्या दरवाजांना जुमानत नाही. दोन्ही लोंढे एकाच वेळी संगमावर आले तर पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिकाचं मंदिर आणि जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. वीरचा लोंढा ओसरेपर्यंत उजनीला पाणी धरता आलं, तर तोच पाऊस शहराला सोसतो. धरणापासून पंढरपूरपर्यंत यायला पाण्याला काही तास लागतात. नावा बांधायला, घाटावरचे वारकरी हलवायला, नदीकाठची वस्ती रिकामी करायला तेवढेच तास हाती असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र लोंढा आला सीना नदीतून. अहिल्यानगर आणि धाराशिवकडच्या पावसानं करमाळा, माढा, मोहोळमधली गावं वेढली. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या भागात बचावपथकांच्या बोटी फिरल्या. भीमेकाठच्या माणसाला दौंडच्या आकड्याचा अर्थ तोंडपाठ आहे. तो वर्षानुवर्षांच्या पुरांनी शिकवला. सीनेकाठी आकड्याचा अर्थ पूर यायच्या आधी शिकवावा लागेल: सीना-कोळेगाव धरणातून इतकं सुटलं तर आपल्या गावात पाणी कुठवर येईल, किती तासांनी, आणि आधी कुणाला हलवायचं. सेन्सर विकत आणता येतो, हे उत्तर मात्र गावानंच एकदा ओढ्याकाठी उभं राहून काढावं लागतं.