नेर गटातील सभासदांची लक्षद्वीप सफर



“नेरचे ऊसवाले बोटीनं समुद्रात चालले,” ही बातमी गेल्या दिवाळीत बाजारात फिरली तेव्हा आमची थट्टा काही कमी झाली नाही. कोणी म्हणाले, “यंदा ऊस बिल लयच झालं वाटते!” कोणी विचारले, “काहून जी, चिखलदरा जवळ नव्हता काय?” थट्टा करणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याकडची मंडळी फिरायला निघाली म्हणजे शेगाव, माहूर, पंढरपूर आणि फार झाले तर काशी-रामेश्वर. समुद्र पाहायचा तो काठावर उभे राहून. चार रात्री समुद्रावरच काढायच्या, ही गोष्ट आमच्याही गळी उतरायला वेळ लागला.

आधी हिशोबाचे बोलून घेतो. या सफरीत कारखान्याचा एक पैसाही नाही. ज्याने त्याने आपल्या पदरचे पैसे भरले. आम्ही एकूण २२ जण होतो, त्यांत आठ जोडपी. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरला, कारण तोवर आमचा ऊस तुटून गेला होता, तूर घरात आली होती आणि खोडव्याच्या पाण्याच्या पाळ्या घरच्या पोरांवर सोपवता येत होत्या.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्यापैकी काहींची शेते एकाच नाल्याच्या काठाने आहेत. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या तिघांनी खोल बोअर घेतले. मेच्या सुरुवातीला आमच्यातले सर्वांत वडील सभासद, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, त्यांची विहीर तळाला गेली आणि दीड एकर खोडवा उभ्या उभ्या वाळला. काकाजींनी तक्रार केली नाही, भांडण केले नाही. फक्त आमच्यात चहाला येणे बंद केले. सफरीला ते आले ते काकूंच्या हट्टापायी. बोअर घेणारे तिघेही बरोबर होतेच.

बडनेरा ते बॅलार्ड पियर

बडनेऱ्याहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली आणि सकाळी मुंबईला उतरलो. दुपारी बॅलार्ड पियरला पोचलो. तिथे सामानाची तपासणी होते, ओळखपत्र पाहतात. घरून आणलेले चिवडा, शंकरपाळे आणि ठेच्याचे डबे बोटीवर नेता येत नाहीत, हे तिथे गेल्यावर कळले. मंडळींनी बाहेर बसून जमेल तेवढे संपवले, उरलेले तिथल्या हमालांना वाटून दिले.

बोट पाहून सगळेच गप्प झाले. लांबी म्हणाल तर आपल्या कारखान्याच्या गव्हाणीपासून साखरेच्या गोदामापर्यंत, आणि उंची आठ-दहा मजल्यांची. एका मावशींनी हळूच विचारले, “हे बुडत नाई ना जी?” प्रश्न अगदीच खुळा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. तरीही कोकणातल्या लोकांनी पुढे कित्येक वर्षे बोटीनेच ये-जा केली, कारण रस्ता धड नव्हता. आता लक्षद्वीपच्या पर्यटक बोटी भर पावसाळ्यात जात नाहीत. साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत हंगाम असतो. शिवाय निघण्यापूर्वी सर्वांना गोळा करून, संकट आलेच तर कोठे जमायचे आणि बुडू न देणारे जाकीट कसे घालायचे, ते दाखवतात. मावशींनी ते जाकीट दोनदा घालून पाहिले, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

मुंबईहून लक्षद्वीपला अशी मोठी पर्यटक बोट जाऊ लागली ती सप्टेंबर २०२१ पासून. संध्याकाळी निघालेली बोट एक पूर्ण दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बेटाजवळ येते. अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास.

दुसरा दिवस नुसत्या पाण्याचा. चौघांना मळमळ झाली. लिंबू आणि आले चघळत ते पडून राहिले. बाकीच्यांनी वरच्या गच्चीवर बसून बोलत वेळ काढला. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात पोवळ्यांचे एक मोठे पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. ते पाण्याखालीच आहे, वर दिसत नाही. लक्षद्वीपची बेटेही पोवळ्यांचीच, पण ती पाण्याच्या वर डोके काढून आहेत, एवढाच फरक.

काकाजी कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. म्हणाले, “एवढं पानी, अन् प्याले थेंब नाई.” बोटीवरच्या एका नोकराने सांगितले की आंघोळीचे पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच बोटीवर गोडे करतात. काकाजींनी मान हलवली, पण काही बोलले नाहीत.

बेटावर

तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती बेट दिसले. मोठी बोट बेटाला लागत नाही. भोवती पोवळ्यांचे कडे असते, म्हणून ती बाहेरच नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसे काठाला नेतात. होडी वरखाली होते तेव्हा पाय टाकणे जिवावर येते. गुडघेदुखीच्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे. आमच्या दोन बायका उतरल्याच नाहीत.

कड्याच्या आतले पाणी संथ आणि इतके निर्मळ की खालची रेती आणि मासे वरून मोजावेत. अगत्ती लांबीला साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि रुंदीला जास्तीत जास्त एक किलोमीटर. लक्षद्वीपची ३६ बेटे सगळी एकत्र केली तरी क्षेत्र ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आठ हजार एकरही भरत नाही! त्यांतल्या दहा बेटांवर वस्ती. २०११ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या ६४,४७३ होती. माणसे मुसलमान, बोली मल्याळम, मिनिकॉय बेटावर तेवढी महल. पीक म्हणजे नारळ, आणि धंदा ट्यूना माशाचा. नदी नाही, ओढा नाही. मग पाणी पितात कुठले?

एका घरामागे विहीर होती, ती पाहायला आम्ही थांबलो. घरमालक मोडक्या हिंदीत बोलत होते. त्यांनी आणि आमच्या वाटाड्याने मिळून जे समजावले ते असे : पाऊस तिथे वर्षाला दीड हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि थेट रेतीत मुरतो. खाली रेतीत समुद्राचे खारे पाणी आधीच आहे. गोडे पाणी हलके, खारे जड. म्हणून पावसाचे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते, दुधावर साय धरावी तसे. त्या सायीवर सगळे बेट जगते. जपून काढली तर पुढच्या पावसापर्यंत पुरते. मोटर लावून ओढत सुटले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढले की लवकर उतरत नाही.

काकाजींनी विचारले, “अन् शेजाऱ्यानं जास्त ओढलं त?”

वाटाड्याने प्रश्न पोचवला. घरमालक हसले. म्हणाले, “मग दोघांचंही खारं होतं.”

काकाजी जरा थांबले आणि विहिरीत पाहतच म्हणाले, “आपल्याकडं निदान बरं हाय. ओढनाऱ्याची गोडच राह्यते. आटते ते शेजाऱ्याची.”

आम्ही बावीसातले जे तिथे होतो ते सगळे ऐकत होतो. बोअर घेणारे तिघेही तिथेच उभे होते. कोणी काही बोलले नाही. होडीत बसेपर्यंत कोणी कोणाचा फोटोही काढला नाही.

पॅनमनचे गणित

परतीच्या रात्री गच्चीवर बसलो असता वाटाड्याने सांगितलेल्या दुसऱ्या एका गोष्टीवर बोलणे निघाले. कवरत्ती बेटावर २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारला, रोज एक लाख लिटरचा. २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसे उभारले गेले. त्यात वरचे कोमट पाणी निर्वात भांड्यात सोडतात. तिथे दाब कमी असल्यामुळे ते फारसे न तापवताच वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ गारवली की गोडे पाणी झाले.

आमच्यातले एक जण पूर्वी साखर कारखान्यात पॅनमन होते. ते एकदम सावरून बसले. “अहो, हे तर आपलंच काम! व्हॅक्युम पॅनमध्ये आपण रस कमी उष्णतेवर उकळतो तो असाच. तिकडं साखर ठेवतात आन् वाफ सोडतात, इकडं वाफ ठेवतात आन् मीठ सोडतात.” सगळे हसले. मग तेच म्हणाले, “पन किती खटाटोप पाहा. एवढं यंत्र लावून दिवसाले लाखभर लिटर. आपल्या तीन बोअरचं पानी एका रात्री तेवढं जात असन.”

ते सहज बोलून गेले, पण बाण लागायचा तिथे लागला. तिघांतल्या एकाने स्वतःहून विषय काढला. म्हणाला, “काकाजी, तुमचा खोडवा आमच्यानं गेला, हे आमाले मेमध्येच समजलं होतं. बोलाची हिंमत नव्हती.” काकाजी म्हणाले, “मले खोडव्याचं दुःख नाई रे. कोनं येऊन इचारलं नाई, त्याचं हाय.”

आपल्या काळ्या पाषाणाखाली खारे पाणी नाही, हे खरे. पण त्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जे काही पाणी असते तेही पावसाचेच, आणि एका नाल्याच्या काठाला ते सगळ्यांचे मिळून असते. जमिनीचा सातबारा वेगवेगळा निघतो, पाण्याचा निघत नाही.

गावी आल्यावर

परत आल्यावर गट कार्यालयात दोनदा बसलो. ठरले ते असे : यंदाच्या उन्हाळ्यात बोअर एकाआड एक रात्रीच चालवायचे. तिघांपैकी दोघांनी खोडवा ठिबकवर घेण्याचे कबूल केले. ठिबकवर पाणी निम्म्याच्या जवळपास लागते. पाचट कोणीही जाळणार नाही, सरीत आच्छादन करायचे. काकाजींची विहीर तळाला गेलीच तर जवळच्या बोअरवरून त्यांना आठवड्याला एक पाळी द्यायची. तिसरे सभासद अजून तयार नाहीत. त्यांच्यावर कर्ज आहे, त्यांची अडचणही खरी आहे. त्यांना वेळ द्यायला हवा. काकाजी मात्र परवा चहाला आले.

ज्यांना या सफरीला जायचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. ऊस तुटल्यावरच जावे, तोडणीच्या धामधुमीत नाही. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, म्हणून नावे आणि ओळखपत्रे आधी नीट पाहून घ्यावीत. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरवत नाहीत, तशी मनाची तयारी ठेवावी. रक्तदाब-साखरेची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आणि बायकांना बरोबर न्यावे. आमच्या मंडळीत सर्वांत जास्त आनंद त्यांनीच घेतला.

आमच्या नाल्याकाठच्या सर्व सभासदांना विनंती की, पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी गट कार्यालयात जमावे. बोटीवर आलेले आणि न आलेले, दोघांनीही. चहा काकाजींकडून आहे.