परिवर्ती रेषेचा मागोवा

गोदातीरीच्या आमच्या नाशिक क्षेत्री मनातला प्रश्न घेऊन येणाऱ्या यात्रिकाला पंचांग आणि प्रश्नकुंडली परिचयाची असते, कोकणातील देवळांत लावले जाणारे कौल त्याने ऐकलेले असतात, आणि एक वा दोन बिंदूंच्या चार ओळींपासून सोळा आकृती सिद्ध करणारे रमलशास्त्रही त्याला अगदीच अनोळखी नसते; परंतु ह्याच कुळातील जी प्राचीन विद्या चीन देशात ‘ई-चिंग’ ग्रंथाच्या आश्रयाने वाढली, तिच्यातील परिवर्ती रेषेचा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो.

ह्या ग्रंथात अखंड आणि खंडित अशा सहा रेषांच्या ६४ आकृती आहेत. पन्नास काड्यांपैकी एक बाजूस ठेवून उरलेल्या एकोणपन्नासांची विभागणी प्रत्येक रेषेसाठी तीनदा, म्हणजे एकंदर अठरा वेळा करावयाची, आणि येणाऱ्या सहा, सात, आठ वा नऊ ह्या अंकावरून रेषा ठरवावयाची. सात आणि आठ ह्या स्थिर रेषा. नऊ आणि सहा ह्या मात्र पराकाष्ठेस पोहोचल्यामुळे आपल्या विरुद्ध रूपात पालटतात, आणि त्यांतून दुसरी आकृती जन्मास येते. काड्यांच्या विधीत नऊ येण्याचा संभव सोळांत तीन, सहा येण्याचा सोळांत केवळ एक; पुढे रूढ झालेल्या तीन नाण्यांच्या सुटसुटीत विधीत हा भेद नाहीसा होऊन दोहोंचा संभव आठांत एक असा समान झाला.

अशा रेषांचा अर्थ कसा लावीत, ह्याचे जुने दाखले ‘झ्वोझ्वान’ नावाच्या बखरीत आहेत. इ. स. पूर्व ५३० मध्ये लू राज्यातील नान क्वाई नावाच्या अंमलदाराने आपल्या धन्याविरुद्ध बंडाचा बेत योजून प्रश्न पाहिला, तेव्हा कुन आकृतीची पाचवी रेषा परिवर्ती आली, जिचे लिखित फल परम शुभ आहे. पण झीफू हुइबो नावाच्या दरबाऱ्याने निवाडा दिला, की हे फल इमानाच्या कार्यास लागू पडते, दगलबाजीस नाही. बंड फसले आणि नान क्वाईला छी राज्यात पळून जावे लागले. लू राज्याचीच राजमाता मू च्यांग कारस्थानापायी नजरकैदेत पडली असता दरबारी दफ्तरदाराने पालटलेल्या आकृतीवरून तिला लवकर सुटकेचे आश्वासन दिले. तिने मात्र त्या आकृतीला आवश्यक असणारे सद्गुण आपल्या ठायी नाहीत असे सांगून ते नाकारले, आणि तिचा शेवट त्याच वाड्यात झाला.

नंतरच्या शतकांत ह्या विवेकाची जागा हळूहळू कोष्टकांनी घेतली. हान काळातील ‘यीलिन’ ग्रंथाने प्रत्येक आकृतीचे चौसष्टांपैकी प्रत्येकीत होणारे रूपांतर धरून ४०९६ पद्ये सिद्ध केली. १२ व्या शतकात झू शी ह्या तत्त्वज्ञाने दस्तूर घालून दिला: एकच रेषा पालटली तर तिचे वचन वाचावे, दोन पालटल्या तर वरची प्रमुख मानावी, तीन पालटल्या तर दोन्ही आकृतींची मूळ वचने पाहावी, चार वा पाच पालटल्यास नव्या आकृतीतील न पालटलेल्या रेषांकडे वळावे. पुढे १९२४ मध्ये रिचर्ड विल्हेल्मचे जर्मन भाषांतर आणि १९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ युंगच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाल्यावर ही विद्या जगभर गेली.

झू शीचा दस्तूर मला आदरणीय वाटतो, कारण आपल्याला रुचेल तेवढेच वचन उचलण्याच्या मोहाला तो लगाम घालतो. तथापि कोणती रेषा वाचावी एवढेच तो सांगतो, ती कोणाला लागू पडावी हे नव्हे. हा दुसरा निर्णय हुइबोने निर्भीडपणे आणि मू च्यांगने स्वतःविरुद्ध केला. कौल असो, रमल असो वा प्रश्नकुंडली असो, उत्तर देणाऱ्याने आधी प्रश्नामागील हेतू तपासावा आणि हेतू अशुद्ध दिसला तर शुभ फलही रोखून धरावे, हा त्यांचा धडा आमच्या क्षेत्रातील जाणत्यांनीही जतन करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.