मागचा पिस्टन ढकलायचा नाही, फिरवायचा!

पुढचे ब्रेक पॅड बदलताना जी-क्लॅम्प लावून पिस्टन सरळ आत ढकलला की काम झालं. त्याच सवयीनं मागच्या चाकाला हात घातला की घोडं अडतं. क्लॅम्प कितीही आवळा, पिस्टन हलत नाही. जोर वाढवला तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

याचं मूळ हँडब्रेकमध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. पण जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियासारख्या मागेही डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला जोडलेली असते. पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो आणि पॅड झिजतील तसा पिस्टन त्यावर आपोआप पुढे सरकतो. त्यामुळे परत नेताना तो दाबत दाबत फिरवावाच लागतो. तोंडावरच्या खाचा त्यासाठीच आहेत. दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांची, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. मॅन्युअल आधी पाहावं.

हँडब्रेक सोडलेला हवा. रबरी बूट पिळला जातोय का, यावर डोळा ठेवावा. टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते सांडलं तर गाडीचा रंग खातं.

इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरनं किंवा कंपनीनं दिलेल्या पद्धतीनं सर्व्हिस मोड लावल्याशिवाय पिस्टनला हातही लावू नका. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही.