दाखल्याची मजुरी

परवा वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जयभीम करून बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, गरिबी पैशांत मोजतात. आमच्या घरी ती दिवसांत मोजतात. माझ्या जात पडताळणीच्या कागदांसाठी वडिलांचे चार खाडे झाले. चार दिवस चूल उसनवारीवर पेटली."

आम्ही निरुत्तर झालो. पडताळणीचा कायदा २००० सालचा, २००१ चा अधिनियम क्रमांक २३. अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचा शाळेचा दाखला नातवाने कोठून आणावा?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. हक्क त्यांनी मिळवून दिला. तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचवण्याचे काम आपले होते. आपण शिकलो, नोकरीला लागलो आणि वस्ती सोडून सोसायटीत राहायला गेलो. यात आम्हीही आलोच.

उठताना तो म्हणाला, "जयंतीला मंडप दरवर्षी मोठा होतो, त्याचा आनंदच आहे. पण आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात अर्ज भरून देणारा कोणी बसेल का?"

समाजाचा विकास याहून वेगळा काय असतो? येत्या रविवारपासून आम्ही विहारात बसणार आहोत. शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी बांधवांनो, भगिनींनो, तुम्ही कोणता वार देता?