टाका आणि खिळा

होडीचा खरा कस भर समुद्रात लागत नाही, किनाऱ्याला लागताना लागतो. लाटेने वाळूवर आदळल्यावर सांधे धरून राहिले तर होडी राहिली. म्हणून होडी पाहताना तिच्या डौलाआधी मी दोन फळ्यांमधला सांधा पाहतो.

कोकण-गोव्यातली रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, जुनी उलांडीची होडी घ्या. तिचा खालचा भाग आंब्यासारख्या झाडाच्या एकाच जाड खोडातून कोरलेला. काठ उंच करायला त्यावर फळ्या, आणि त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. दोन्ही कडांना समोरासमोर भोके पाडायची, सांध्यावर नारळाच्या सोडणाचा काथ्या अंथरायचा आणि त्यावरून दोरी आवळत न्यायची. टाका बसला की उरलेल्या भोकातही काथ्या ठासायचा, नाहीतर तिथूनच पाणी शिरणार. वरून काजूच्या टरफलांचे तेल. एवढी अरुंद होडी एकटी लाटेत लोळलीच असती. तिला सावरते ती एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेली हलक्या लाकडाची उलांडी. जाळे सोडायला दुसरी बाजू मोकळी राहते.

शिवलेली होडी म्हणजे कच्चे काम, हा समज जुना आहे. तेराव्या शतकात होर्मुझची काथ्याने शिवलेली जहाजे पाहून मार्को पोलोनेही नाक मुरडले होते. त्याला मद्रासच्या किनाऱ्यावर उभे करायला हवे होते. बंदर होण्याआधी तिथे जहाजे दूरवर नांगरून राहत आणि माणसे, माल किनाऱ्याला आणायचे काम वल्ह्यांच्या मसुला होड्या करत. मसुला उंच काठाची, आतून पोकळ. आत वाक म्हणजे फासळ्या नाहीत, नुसत्या फळ्या एकमेकींना शिवलेल्या. वाळूवर आपटली की तिचे अंग दबे आणि पुन्हा पूर्ववत होई. साहेबाच्या जहाजावरची खिळ्यांची भक्कम होडी त्याच लाटांत फुटे, म्हणून साहेबही मसुलातच बसे.

खिळा वाईट असे मात्र नाही. नॉर्वेतल्या ओसेल्वर होडीत फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडतात. दोन्ही बाजूंना मिळून मोजक्याच रुंद, पातळ फळ्या. आधी हे कवच उभे राहते, वाक नंतर बसतात. आकार कारागिराच्या नजरेत असतो. १८८० मध्ये गोकस्टाडच्या टेकाडात व्हायकिंग जहाजाबरोबर लहान होड्याही सापडल्या. त्यांची बांधणी याच घराण्यातली. आपल्या मचव्याची तऱ्हा तिसरी: फळी फळीला कडेने भिडवून आतल्या वाकांना ठोकायची आणि फटींत कापूस भरायचा. अंग ताठ, ओझे वाहायला उत्तम. पण रोज वाळूवर ओढायला जड.

टाक्याची किंमतही आहेच. काथ्या कुजतो, ठरावीक काळाने शिवण उसवून नव्याने घालावी लागते. मात्र खराब फळी तेवढी काढून बदलता येते, लाकूड न फोडता. आणि ही विद्या विसरलेली नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये नौदलात आले आणि पुढे पोरबंदरहून मस्कतला जाऊन पोचले. ते शिडाचे, पण शिवण तीच.

कोकणात आता नवी होडी बहुधा फायबरच्या साच्यातून निघते. खोड नको, टाका नको. त्यातल्या काही अरुंद होड्यांना उलांडी मात्र अजूनही बांधतात.